शेवंताकाकूला ताप नव्हता

शेवंताकाकू गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी मला ते अजून खरं वाटत नाही. माणसं जातात हे मला कळतं, मी काही लहान नाही. पण ज्या बाईने सकाळी मला दटावून घरी पाठवलं, ती संध्याकाळी नसावी? आणि कशाने, तर मांडीवरच्या एवढ्याशा जखमेने? तिला दमा नव्हता, कावीळ नव्हती, सापही चावला नव्हता. मुख्य म्हणजे तिला ताप नव्हता. हे तर आम्ही साऱ्या गल्लीने आपापला हात लावून पाहिलं होतं.

भंडाऱ्यातली आमची गल्ली विणकरांची. मी लग्न होऊन आले ती शाळेत शिकवणारी, आणि माझ्या सासरी सात पिढ्यांत कुणी माग चालवला नव्हता, त्यामुळे गल्लीत मी जराशी परकीच. ते परकेपण शेवंताकाकूने पहिल्याच आठवड्यात मोडून काढलं. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. सकाळी मी चहा ठेवला की पलीकडून हाक यायची, "मास्तरीन, दूध उतू चाल्लं वाटते!" आणि खरंच दूध उतू जात असायचं. तिला ते कसं कळायचं हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर अर्धा तास गेला असता.

उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की ती कुणाशी गुपित बोलली तरी नळावरच्या बायकांना ते ऐकू जावं. माहेर नदीपलीकडचं, कारध्याचं. पुलावरून दिसणारं माहेर असूनही ती वर्षातून एकदाच जायची. "नजरेसमोर हाये, पयून जाते काय कुठी?" म्हणायची. नवरा गणपतकाका तिच्या अगदी उलट. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, बोलण्याचं सगळं काम बायकोवर सोपवून दिलेला. लग्न होऊन चाळीस वर्षं होत आली तरी ती त्याला "अजी" म्हणून हाक मारायची आणि तो "हो" एवढंच म्हणायचा. भांडणाला दोन माणसं लागतात, म्हणून त्यांच्या घरात भांडण झालं नाही. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा मात्र काकू काही दिवस पेटली होती. काकांचे जुने गिऱ्हाईक सगळे तिकडचे. "जिल्हा तोडला त तोडला, माहे गिऱ्हाईक काहून तोडून राहिले?" असं ती भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना विचारत होती. गिऱ्हाईक कुठे गेले नव्हते. पण तिला कुणावर तरी तापायचं होतं.

गल्लीत तिची खरी ख्याती होती ती तिच्या हाताची. कुणाचं पोर किरकिरलं की आई त्याला उचलून थेट काकूकडे न्यायची. काकू तळहात लावायची नाही, हाताची मागची बाजू लावायची, आणि तीही कपाळाला नव्हे, पोटाला. "कपाळ उनानं तापते, चुलीनं तापते, रागानंही तापते. पोट उगाच नाई तापत." मग डोळे मिटून थोडा वेळ थांबायची, आणि निकाल द्यायची. निकाल तीनच. "नाई." किंवा "कोमट हाये, पडू दे." किंवा "दवाखाना." हा तिसरा निकाल दिला की ती रिक्षा येईपर्यंत दारातून हलायची नाही. माझी मुलगी लहान असताना मी आपली मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले होते. काकू आली, हात लावला, आणि माझ्या अंगावर ओरडली, "पट्ट्या कायच्या ठेवून राहिली? उचल पोरीले!" हिवताप निघाला. तेव्हापासून मीही तिच्या भक्तांतली.

हात चुकायचाही बरं का, पण ते सांगणार कोण? एका मे महिन्यात विजेचा मीटर पाहायला एक माणूस भर दुपारी गल्लीत आला. काकूने त्याच्या हाताला ओझरता स्पर्श होताच निकाल दिला, "बापा, हे त भट्टी हाये!" तो बिचारा सांगत होता की मी सायकलवर आलो, ऊन आहे. ऐकतं कोण! त्याला खाटेवर आडवं केलं, ओला पंचा अंगावर टाकला, कुणी पन्हं आणलं, कुणी कांदा आणला. माणूस अडीच-तीन तास गाढ झोपला आणि उठून म्हणाला, खरंच बरं वाटतं आहे. पुढे तो मीटर पाहायला नेमका दुपारीच यायचा.

पण हा तिचा फावल्या वेळचा उद्योग. पोटाचा उद्योग कोशाचा. कोसा रेशमाचे कोश राखेच्या पाण्यात उकळायचे, मऊ झाले की चार-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे, आणि उघड्या मांडीवर तळहाताने पिळत पिळत त्यांचं सूत करायचं, ते लाकडी फिरकीवर गुंडाळायचं. हे काम बायकांचं. सकाळी आमच्या गल्लीतल्या घरांपुढच्या छपऱ्यांमध्ये बायका लुगडं मांडीपर्यंत वर घेऊन बसलेल्या असायच्या, म्हणून एक रीत पडून गेली होती. गल्लीच्या तोंडाशी आलेला पुरुष मोठ्याने खाकरायचा, मग सगळीकडे लुगडी सर्रकन खाली यायची, तो मान खाली घालून निघून जायचा, आणि काम पुन्हा सुरू. नवीन जावयांनासुद्धा हे आधी शिकवून ठेवलेलं असे. इतकी ती मांडी झाकलेली गोष्ट. बाईची मांडी बायकांनी पाहिली तर पाहिली. घरच्या पुरुषानेसुद्धा त्या वेळी तिकडे बघायचं नाही.

काकूची उजवी मांडी वर्षानुवर्षं घासून घासून एका जागी लालसर-काळी झाली होती. सूत घसरू नये म्हणून ती तिथे चिमूटभर राख चोळायची. उन्हाळ्यात कातडी सोलायची, मग खोबरेल तेल. "हे मांडी नोहे, मास्तरीन, हा माहा कारखाना हाये," असं म्हणून ती त्यावर चापट मारायची. सरकारी प्रशिक्षणात तिला सूत काढायचं पायाचं मशीन मिळालं होतं. ते तिच्या धाकट्या लेकीने, मायाने, शिकून घेतलं. काकूने मात्र त्यावर ओले टॉवेल वाळत घातले. मशीनला म्हणे तंतू रुसलेला कळत नाही. सूत तिचं खरंच सुरेख असायचं, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

एकदा आरोग्य शिबिरात तिची शुगर निघाली, तीही भरपूर. घरी येऊन तिने ती बातमी अशी सांगितली जणू कुणीतरी तिची चुगली केली होती. नंतर ती लोकांसमोर बिनसाखरेचा चहा प्यायची आणि घरात गुळाचा. "गूळ थोडीच साखर हाये?" गोळ्या घ्यायची, पण तब्येत बरी नसेल तेव्हा. बरं असताना गोळी खाणं तिला उधळपट्टी वाटायची. आणि हाच हिशेब तिने सगळ्या औषधांना लावलेला. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या की ही दुसऱ्या दिवशी थांबायची आणि उरलेल्या एका बिस्किटाच्या डब्यात टाकायची. "जखम सुकली, आता पोटात कायले टाकाच्या?" तिच्याच नव्हे, गल्लीभरातल्या उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जमा. त्यात तिची लाडकी होती लाल-काळी कॅप्सूल. ती काकू गिळायला द्यायचीच नाही. उघडायची, आतली पिवळी पूड जखमेवर भुरभुरायची आणि वर चिंधी बांधायची. शेजारच्या शेळीचा पाय तारेत अडकून चिरला होता तो तिने असाच बरा केला. नंतर कित्येक महिने ती शेळी गल्लीतून गेली की काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "पाह्यलं? लंगडते का?"

आम्ही हसायचो. मला हे आता लिहितानाही कसंतरी होतं, पण खरं तेच लिहायला पाहिजे. आम्ही सगळेच हसायचो आणि सगळेच तिच्याकडून ती पूड घेऊन जायचो.

त्या वर्षी मायाचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं. काकूने जाहीर करून टाकलं की शालूचं सूत आपल्या हातचं, विणकाम बापाच्या हातचं. मायाने मशीनवर काढते म्हटलं तर ही रुसून जेवली नाही. झालं, भर मे महिन्यात काकू पहाटेपासून मांडी उघडी टाकून बसू लागली. एरवी उन्हाळ्यात ती काम कमी करायची, कारण घामाने कातडी लवकर सोलते. या वेळी तिने ऐकलं नाही. एके दिवशी मी शाळेच्या उन्हाळी शिबिराच्या कामाला जाताना पाहिलं तर ती डाव्या मांडीवर सूत काढायला धडपडत होती आणि स्वतःवरच चिडत होती.

"काहून वो काकू, कारखाना बदलला?" मी विचारलं.

"जराशी सोलली वं. पूड टाकली. पन डावीवर सूत उलटंच पिळल्या जाते, मेलं!"

दुखतं का म्हणून विचारलं तर म्हणाली, अजिबात नाही. मला वाटतं ती खोटं बोलत नव्हती. शुगरने पायाची जाणीव आधीच मंद झाली होती. न दुखणारी जखम म्हणजे बरी होत आलेली जखम, असं तिने धरलं, आणि आम्हीही.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी सकाळी हाक आली नाही. दूध उतू गेलं ते मलाच पुसावं लागलं. म्हणून पलीकडे डोकावले. बाहेर ऊन आठ वाजताच चटके देत होतं आणि काकू छपरीत खाटेवर शाल पांघरून बसली होती. श्वास भरभर चालला होता, नुकतीच पाण्याची घागर घेऊन आल्यासारखा. माया कावरीबावरी होऊन म्हणाली, "रातभर गार गार म्हनत होती जी. पन ताप नाई. मी पाह्यलं."

काकूने मान वर केली. स्वतःचा हात लुगड्याच्या काठाखालून पोटाला लावला, डोळे मिटले, थांबली. "नाई," तिने निकाल दिला.

मग गल्ली गोळा झाली. एकेक बाई येई, हात लावी, आणि तिचा चेहरा सैल पडे. ताप नाही, अंग उलट थंडगार. म्हणजे ऊनही लागलेलं नाही. अशक्तपणा आहे, एवढं काम केलं तर होणारच. कुणी लिंबूपाणी केलं, कुणी पेज आणली. माझाही जीव भांड्यात पडला. मीच तिच्या पोटाला हात लावला होता, आणि ते माठासारखं गार होतं.

आणि मग काकूने माझा हात पकडून माझ्याच मनगटाला आपला हात उलटा लावला. एकदम दचकली. "मास्तरीन, तुलेच ताप हाये! भट्टी झाली तुही. जा घरी, पड!" मी म्हटलं, अवो काकू, मला काही नाही. तर तिने शेजारच्या बाईला हात लावला. "हिलेही हाये!" मायाला लावला. "अजी, पाहा न, साऱ्या गल्लीले ताप आला!" बायका खदखदून हसल्या. काकू आपल्या मूळ स्वभावावर आली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. ती मात्र हसत नव्हती. मला दरडावून म्हणाली, "हसून काय राहिली? घरी जा मनलं न!" मी खरंच घरी आले.

मला या गोष्टीचा आजही धक्का बसतो. कितीतरी वेळा मी जागच्या जागी थांबून त्याचा विचार केला आहे. तिचा हात चुकला नव्हता. तो इतका गार पडला होता की साधं जिवंत माणूस त्याला तापलेलं लागत होतं. आणि आम्ही, आयुष्यभर तापाला भिणाऱ्या बायका, ताप नाही म्हणून पेज शिजवत होतो.

दुपारी ती मायाला भलत्याच नावाने हाक मारू लागली. ते नाव तिच्या कारध्याच्या, फार पूर्वी वारलेल्या बहिणीचं. मग उठायला गेली आणि पाय गेले. काकांनी माग सोडला, आम्ही तिला ऑटोत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने रक्तदाबाचा पट्टा एका दंडाला बांधला, मग दुसऱ्याला, आणि तिचा चेहरा बदलला. नर्सला भराभर काहीतरी सांगू लागली. सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन. "कुठे जखम आहे का?" तिने विचारलं.

"नाई," काकू म्हणाली. एवढ्या ग्लानीतही दोन्ही हातांनी तिने गुडघ्यावरचं लुगडं घट्ट धरलं होतं.

माया रडत म्हणाली, "मांडीले आहे, मॅडम, थोडीशी." नर्सने आणि मायाने मिळून तिची बोटं सोडवली. चिंधी सुटली. मी तिथे उभी होते आणि मी पाहिलं. पिवळी पूड वर तशीच चिकटलेली, आणि तिच्या भोवती, गुडघ्यापासून जांघेपर्यंत, मांडी सुजून तकतकीत, जांभळी. मध्ये काळं पडलेलं. वास आला. इतका वेळ आम्ही तिच्याजवळ बसलो होतो आणि राखेच्या, उकळलेल्या कोशांच्या वासात तो आम्हाला कळलासुद्धा नव्हता.

"हे कधीपासून आहे?" डॉक्टरीण जवळजवळ ओरडलीच. "घरात कुणी पाहिलं नाही?"

गणपतकाका रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी त्या मांडीवर पिळलेलं सूत विणलं होतं. त्यांनी वळून पाहिलं. मला वाटलं ते कोसळतील, पण ते अगदी शांतपणे, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "कोशावाल्या बाईची मांडी अशीच असते, मॅडम."



"पन तिले ताप नव्हता जी," माया पुन्हा पुन्हा सांगत होती. "आमी साऱ्यांनी पाह्यलं."

"ताप असता तर मला कमी भीती वाटली असती," डॉक्टरीण म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "ताप म्हणजे शरीर भांडतंय. यांचं भांडणं थांबलंय. जंतू रक्तात गेलेत. शुगर आहे ना? वय साठीपुढचं. लघवी कधी झाली शेवटची?" कुणालाच माहीत नव्हतं. "गोळ्या घेत होत्या शुगरच्या?"

"घेते न," काका म्हणाले. "कधीमधी."

ती आमच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली आणि नागपूरला न्यायला सांगितलं. पाय तिथेच उघडावा लागेल, इथे सोय नाही. काल आणलं असतं तर, एवढं म्हणून ती थांबली. काल म्हणजे, डाव्या मांडीवर सूत उलटं पिळलं जातं म्हणून काकू चिडली होती ना, त्याच सुमाराला.

ॲम्ब्युलन्स नागपूरच्या वाटेवरच्या मौद्याच्या पुढे गेलीच नाही. काका सोबत होते. त्यांनी कुणाच्या तरी फोनवरून कळवलं आणि नेहमीसारखे दोनच शब्द बोलले. मी त्या रात्री अंथरुणात उठून बसत होते आणि नवऱ्याला विचारत होते, "अहो, ती सकाळी मला रागावली हो. रागावली ना?"

नंतर डॉक्टरीण मला बाजारात भेटली तेव्हा मी तिला कितीतरी प्रश्न विचारले. शुगर नसती तर? गोळ्या पुऱ्या घेतल्या असत्या तर? मशीनवर सूत काढलं असतं तर? तिने सगळ्याला हो म्हटलं, आणि मग म्हणाली, यातलं एकेक असतं तर कदाचित निभावलं असतं, सगळं एकत्र आलं. मला ते उत्तर आवडलं नाही, अजून आवडत नाही. एवढी मोठी बाई अशी कशी जाते?

डोळ्यांपुढे येते ती मात्र ॲम्ब्युलन्सच्या दारातली काकू. सलाईन चढल्यावर ती एकदम शुद्धीवर आली होती. डोळे स्वच्छ, आवाज तोच. स्ट्रेचर आत सरकवलं आणि तिने मान उचलून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. माया हुंदके देत होती.

"रडून काहून राहिली?" काकू म्हणाली. "पाय पाहतील आन् सोडतील. मी येतो न संध्याकायी. माह्या वाट्याचा भात झाकून ठेवजो."

तिला बोलताना पाहून आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माया तर हसलीसुद्धा. दवाखान्याच्या अंगणात उन्हाने डांबर वितळलं होतं, झळांनी समोरची भिंत हलताना दिसत होती, आणि आमच्या पाठीवरून घाम वाहत होता. काकूने शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आता ते दार लावा जी कोनी," ती म्हणाली, "किती गार वारा येऊन राहिला."